शेवटचा मैल : तारेचा आणि बिनतारी

गंगाखेडच्या आमच्या घरी खांबावरून तांब्याची तार ओढून टेलिफोन आला. पुढे त्याच तारेवर ब्रॉडबँड आले. पावसाळ्यात जोड भिजला की दोन्ही एकदमच मुके व्हायचे. आज त्या तारेवर गच्चीत कपडे वाळतात आणि घर मोबाइलवर चालते. म्हणून वाटते, की बिनतारीने तारेला हरवले. ते खरे आहे का?

१९९० च्या दशकात मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने खेड्यांसाठी ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी यंत्रणा घडवली. मनोऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरपर्यंत ती पोचे, पण वेग जेमतेम ३५ ते ७० केबीपीएस. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएसची अट घातली आणि कॉरडेक्ट त्या व्याख्येबाहेर राहिली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने तांब्याच्या तारेवर डीएसएल सेवा सुरू केली. तिचा वेग मात्र एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटतो. चार-पाच किलोमीटरपुढे हाती फारसे लागत नाही. तालुक्याच्या गावाला लाभ झाला, गोदाकाठची खेडी कोरडीच राहिली.

२०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. पण ग्रामपंचायतीपासून उंबरठ्यापर्यंतचे काय? पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या अभय करंदीकर यांच्या गटाने दूरदर्शनच्या रिकाम्या यूएचएफ लहरींवरून गावे जोडून पाहिली. या लहरी झाडाझुडपांतूनही बऱ्यापैकी पार जातात. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त फोर-जीने हाच मैल व्यापारी वाटेने गाठला.

तरीही माझी पुतणी प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी १२ किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीने गंगाखेडला आली. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण होत्या, पण अर्ज पुढे सरकत नव्हता. मनोऱ्याची क्षमता सारे गाव वाटून घेते, आणि मनोऱ्यामागे फायबर नसेल तर ती वाटणीही तोकडी पडते. म्हणजे बिनतारीलाही मागे तार लागतेच.

म्हणून ‘तार की बिनतारी’ हा वाद मला अपुरा वाटतो. गावापर्यंत फायबर, तिथून अंतर पाहून तार किंवा लहर, हे उत्तर तंत्रज्ञांकडे आहे. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. रस्त्याचे काम निघाले की केबल तुटते. तुटलेली केबल कोण जोडणार आणि किती दिवसांत? किती किलोमीटर केबल पडली यासोबतच ती वर्षातले किती दिवस जिवंत राहिली, हे मोजू लागलो, तरच पुतणीची पुढची एसटी वाचेल.