हवा आणि हवामान: फरक काय?

बोलताना आपण दोन्हीला ‘हवामान’च म्हणतो. शाळेच्या भूगोलात मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्या ठिकाणी त्या वेळी असलेले ऊन, पाऊस, वारा, दमटपणा म्हणजे हवा. ती तासाभरातही बदलते. अनेक वर्षांच्या नोंदींवरून निघणारी सरासरी म्हणजे हवामान. त्यासाठी साधारण ३० वर्षांच्या नोंदी धरतात.

मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि प्रशासनाने कलम १४४ लावले. ती त्या दिवसांची हवा. दर मे महिन्यात अकोला-अमरावती तापते, पण अमरावती जिल्ह्यातलेच चिखलदरा उंचीमुळे थंड राहते. हे हवामान.

रमजानचेच पाहा. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. २०१९ मध्ये आपण मे महिन्याच्या उन्हात रोजे ठेवले, २०२४ मध्ये मार्च-एप्रिलमध्ये. उन्हाचा त्रास कमी झाला तो महिना सरकला म्हणून, वऱ्हाडचे हवामान थंड झाले म्हणून नाही. २०५१ च्या सुमारास रमजान पुन्हा मे महिन्यात येईल. तोवर मे महिन्याची सरासरीच वर गेली, तर ते हवामान बदलणे होय. आज रोजे ठेवायला शिकणारी मुले तेव्हा घरची कर्ती असतील.

म्हणून उन्हात मजुरीला किंवा बाजाराला कधी निघायचे, हे आजच्या हवेचा अंदाज पाहून ठरवा. घराचे छप्पर, विहीर, झाडे आणि पीक यांचा विचार मात्र हवामान पाहून करा. आणि पेरणीला दोन्ही लागतात: मृग लागला, एक सर आली, एवढ्यावर बियाणे टाकले की दुबार पेरणीची पाळी येते.