थीम पार्कची सहल : मुक्काम पार्कबाहेर, पण नेमका कोठे?

बीड, प्रतिनिधी : वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी सहलीचे बेत आखले जातात आणि मुलांच्या यादीत थीम पार्कचे नाव हटकून वरचे असते. बीड जिल्ह्यात असे मोठे पार्क नाही. जिल्ह्यातील कुटुंबांना सोयीची पडतात ती प्रामुख्याने तीन ठिकाणे. शिर्डीतील साईतीर्थ व वेट एन जॉय वॉटर पार्क, रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचे इमॅजिका आणि हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी. बीड शहरापासून शिर्डी सुमारे २०० किलोमीटर, खोपोली ३०० किलोमीटरहून अधिक, तर हैदराबाद ४०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिन्ही ठिकाणी किमान एक रात्र बाहेर काढणे आलेच.

बहुतेक कुटुंबे आधी पार्कची तिकिटे काढतात, मग वाहन ठरवतात आणि मुक्कामाचा विचार सर्वांत शेवटी करतात. तोही ‘स्वस्तात स्वस्त खोली कोठे मिळेल’ एवढ्यापुरताच. प्रत्यक्षात सहल सुखाची होणार की दगदगीची, हे पुष्कळदा मुक्कामावर ठरते. खोलीचे भाडे हा त्यातील केवळ एक भाग आहे. पार्कमधून बाहेर पडल्यावर किती वेळात पाठ टेकता येते आणि परतीच्या प्रवासाला निघणारा चालक किती झोपलेला असतो, हे प्रश्न भाड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

पार्कबाहेरच्या मुक्कामाची सुरुवात

पार्कच्या कुंपणाबाहेर राहण्याची प्रथा थीम पार्कइतकीच जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू केले, तेव्हा त्यांचे भांडवल पार्क उभारण्यातच संपले होते. पार्कलगतचे हॉटेल जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने त्याच वर्षी बांधले. पाहता पाहता आजूबाजूच्या रस्त्यांवर छोट्या-मोठ्या मोटेलांची रांग उभी राहिली आणि पाहुण्यांच्या खर्चाचा मोठा वाटा तिकडे जाऊ लागला. हा धडा घेऊन डिस्ने कंपनीने फ्लोरिडात २७ हजार एकरांहून अधिक जमीन आधीच खरेदी केली आणि १९७१ साली तेथे सुरू झालेल्या डिस्ने वर्ल्डमध्ये पहिल्यापासून स्वतःची हॉटेले ठेवली.

आपल्याकडेही हेच चित्र दिसते. रामोजी फिल्म सिटीच्या आवारात ‘सितारा’ आणि ‘तारा’ ही हॉटेले आहेत. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि २०१५ साली त्याला लागून नोव्होटेल हे तारांकित हॉटेल उभे राहिले. आवारातील मुक्कामात येण्याजाण्याचा त्रास वाचतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. आजी-आजोबांसह सहा-सात जणांचे कुटुंब असेल तर हा खर्च सर्वांनाच पेलवतो असे नाही. म्हणूनच पार्कबाहेरचा मुक्काम निवडताना डोळसपणा हवा.

शिर्डी : देवदर्शन आणि पार्क

बीडकरांना सर्वांत जवळचे ठिकाण शिर्डी. साईतीर्थ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क असून त्यातील बहुतेक खेळ छताखाली आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात ज्येष्ठांनाही ते झेपते. मुलांना वॉटर पार्क आणि घरातील मोठ्यांना समाधीचे दर्शन, असा दुहेरी हेतू येथे साधतो.

मुक्कामाच्या दृष्टीने शिर्डीची मोठी सोय म्हणजे साईबाबा संस्थानची भक्तनिवासे. साई आश्रम भक्तनिवासात दीड हजारांहून अधिक खोल्या आहेत. द्वारावती आणि साईबाबा भक्तनिवास ही आणखी काही ठिकाणे. खोल्या साध्या, स्वच्छ आणि भाडे माफक असते. संस्थानच्या प्रसादालयात भोजनाचीही सोय होते. मात्र गुरुवार, शनिवार-रविवार आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, विजयादशमी या उत्सवांच्या काळात ऐन वेळी खोली मिळणे कठीण होते. अशा दिवशी शहरातील खासगी लॉजचे दरही चढतात. पार्क हाच मुख्य हेतू असेल तर आठवड्याच्या मधला, गुरुवार सोडून दुसरा दिवस निवडावा.

आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. शिर्डीत बसमधून उतरताच स्वस्त खोली आणि झटपट दर्शनाचे आमिष दाखवणारे ‘पॉलिशवाले’ गाठ घेतात. खोली संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा संस्थानच्या कार्यालयातूनच घ्यावी. नामांकित देवस्थानांच्या नावाने बनावट संकेतस्थळे तयार करून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.

खोपोली : घाटाच्या वर की खाली?

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे आहे. बीडहून पुणेमार्गे जाणाऱ्या कुटुंबांना लोणावळ्याचा मोह पडतो. हॉटेले, बंगले, थंड हवा, चिक्कीची दुकाने असे सारे काही तेथे आहे. शिवाय कार्ल्याजवळ पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही आहे. तथापि, लोणावळा घाटाच्या वर आणि पार्क घाटाच्या खाली, हे विसरून चालत नाही. सकाळी बोरघाट उतरणे आणि दिवसभर दमल्यावर संध्याकाळी तो पुन्हा चढणे, असा फेरा पडतो. शनिवार-रविवारी आणि लागून सुट्या आल्या की घाटातील वाहनांच्या रांगा ठरलेल्याच; पावसाळ्यात धुक्याची भर पडते.

म्हणून पार्कच्या आदल्या रात्रीचा मुक्काम शक्यतो घाटाखाली, खोपोली परिसरात करावा. पार्कनंतरची रात्र लोणावळ्यात किंवा पुण्यात काढायला हरकत नाही, कारण तो परतीचाच रस्ता आहे.

भाविक कुटुंबांना आणखी एक पर्याय आहे. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर ही दोन्ही स्थाने याच परिसरात आहेत. पाली येथे देवस्थानचे भक्तनिवास आहे. पालीहून पार्क सुमारे ३० किलोमीटरवर असून वाटेत मोठा घाट नाही. अंगारकी व संकष्टी चतुर्थी, तसेच माघी गणेशोत्सवाचे दिवस मात्र टाळलेले बरे.

दोन-तीन कुटुंबे एकत्र जाणार असतील तर कर्जत-खोपोली भागातील फार्महाऊस किंवा बंगला भाड्याने घेणे माणशी स्वस्त पडते. स्वयंपाकघर मिळाले तर लहान मुलांच्या आणि पथ्य असलेल्यांच्या जेवणाचा प्रश्न सुटतो. अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव असल्यास त्याची खोली किती, भोवती कठडा आहे काय आणि रात्री तो बंद ठेवला जातो काय, याची चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नयेत. मुले नव्या जागी पोहोचताच प्रथम पाण्याकडे धावतात.

हैदराबाद : स्थानकाजवळची खोली फसवी

१९९६ साली सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी अंबाजोगाई, परळी, केज भागातील कुटुंबांना विशेष जवळची वाटते. परळी वैजनाथ स्थानकावरून बिदर, विकाराबादमार्गे सिकंदराबादकडे रेल्वेने जाता येते. पहाटे सिकंदराबादला उतरायचे आणि स्थानकासमोरच्या लॉजवर सामान टाकायचे, हा नेहमीचा परिपाठ. पण फिल्म सिटी शहराच्या पूर्वेला, विजयवाडा महामार्गावर, हैदराबादच्या मध्यभागापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. स्थानकाजवळ राहिल्यास सकाळ-संध्याकाळ अख्खे शहर ओलांडावे लागते.

त्याऐवजी दिलसुखनगर किंवा एल. बी. नगर भागात उतरणे श्रेयस्कर. हा भाग फिल्म सिटीच्या वाटेवर आहे, मध्यम दरातील हॉटेले तेथे पुष्कळ आहेत आणि मेट्रोचा लाल मार्ग एल. बी. नगरपर्यंत येतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी चारमिनार, सालारजंग संग्रहालय पाहायलाही अडचण येत नाही.

भाड्याचा खरा हिशेब

स्वस्त खोली नेहमीच स्वस्त पडते असे नाही. समजा, आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा अशा सहा जणांना दोन खोल्या हव्या आहेत. पार्कजवळ एका खोलीला ३,००० रुपये आणि ३० किलोमीटर दूर १,८०० रुपये पडतात. दूरच्या ठिकाणी वरवर पाहता २,४०० रुपये वाचले. पण जाऊन-येऊन ६० किलोमीटरचा जादा प्रवास किलोमीटरला १५ रुपयांनी धरला तर ९०० रुपये गेले. जवळच्या हॉटेलात नाश्ता भाड्यात असेल आणि दूरच्या ठिकाणी नसेल तर सहा जणांचे आणखी ६०० रुपये. शिल्लक राहिली ९०० रुपयांची आणि त्यासाठी दीड-दोन तासांची विश्रांती खर्ची पडली. कोणत्याही दोन ठिकाणांची तुलना याच रीतीने, सर्व खर्च मांडून करावी.

सांगितलेला दर करासह आहे की कराविना, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे.

एसटीने जाणाऱ्यांचा हिशेब निराळा असतो. राज्यात महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट यामुळे प्रवास स्वस्त होतो; मात्र हाताशी वाहन राहत नाही. अशा कुटुंबांनी बसस्थानकापासून किंवा पार्कच्या दारापासून रिक्षाने सहज गाठता येईल अशीच जागा निवडावी. बीड-अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाल्याने शिर्डीच्या वाटेवरचा अर्ध्याहून अधिक टप्पा आता रेल्वेनेही करता येतो; अहिल्यानगरहून पुढे शिर्डीसाठी बस मिळते.

चालकाची झोप

भाड्याची जीप किंवा मोटार करून जाणाऱ्यांच्या बेतात एक व्यक्ती नेहमी राहून जाते, ती म्हणजे वाहनचालक. रात्री बीडहून निघायचे, सकाळी पार्क गाठायचे आणि संध्याकाळी लगेच परतायचे, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो, असा हिशेब अनेक जण करतात. कुटुंब दिवसभर पार्कमध्ये असते. चालक वाहनतळावर तापलेल्या गाडीत कूस बदलत असतो. तोच चालक दुसऱ्या रात्री ३०० किलोमीटर गाडी हाकतो आणि मागे सारे कुटुंब गाढ झोपलेले असते. पहाटेची डुलकी किती महाग पडते, हे महामार्गावरील अपघातांच्या बातम्या वारंवार सांगतात. स्वतः गाडी चालवणाऱ्या कुटुंबप्रमुखालाही हेच लागू आहे. तो तर दिवसभर मुलांसोबत उन्हात आणि पाण्यात असतो.

म्हणून एकच रात्र परवडत असेल तर ती पार्कनंतरची ठेवावी आणि सकाळी उजाडल्यावर निघावे. दोन रात्री जमत असतील तर उत्तम. खोली ठरवताना चालकाच्या झोपण्याची आणि आंघोळीची सोय आहे काय, हे आवर्जून विचारावे. अनेक लॉजमध्ये चालकांसाठी वेगळी खोली असते. नसल्यास एक खाट जादा घ्यावी.

पैसे भरण्यापूर्वी

आरक्षणाआधी दूरध्वनीवरून पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात.

- खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडावी लागते? पहाटे पोहोचल्यास आंघोळीपुरती सोय होते काय?
- एका खोलीत किती जणांना परवानगी आहे? जादा गादीचे किती पैसे? किती वयापर्यंतच्या मुलांना आकार नाही?
- ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर खोली किंवा लिफ्ट आहे काय? कमोड आहे काय?
- गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळेतच?
- रात्री उशिरा परतल्यास जेवण मिळते काय? बहुतेक पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे सकाळचा भरपेट नाश्ता महत्त्वाचा ठरतो.
- बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळते?
- वाहन उभे करण्यास आवारात जागा आहे काय?

सर्व प्रौढांची ओळखपत्रे सोबत ठेवावीत. भरलेल्या पैशांची पावती आणि ठरलेल्या अटी लघुसंदेशाद्वारे का होईना, लेखी घ्याव्यात. पार्कची तिकिटे आणि खोली यांच्या तारखा जुळतात याची खात्री करूनच दोन्हींचे पैसे भरावेत. आधी खोली, मग तिकिटे हा क्रम अधिक सुरक्षित. तिकिटाचा दर पार्क ठरवते, तो बदलणे कुटुंबाच्या हाती नसते. मुक्काम मात्र आपल्या सोयीने निवडता येतो आणि सहलीतील दगदग कमी करण्याची सर्वाधिक संधी तेथेच आहे.