साबण, समुद्र आणि चॉकचा दगड

गेल्या शनिवारी भांडी घासायची पाळी माझ्यावर आली. लोणच्याच्या बरणीतला तेलकट थर नुसत्या पाण्याने हलेना. साबणाचा थेंब टाकला आणि तेल सुटलं. डोक्यात किडा वळवळला: जमिनीखालच्या तेलालाही असाच साबण लावला तर? शोधल्यावर कळलं, शहाण्या लोकांनी हे आधीच करून पाहिलंय.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते १९६९ साली. नॉर्वेच्या हद्दीत, उत्तर समुद्रात फिलिप्स कंपनीला एकोफिस्क हे प्रचंड तेलक्षेत्र सापडलं. १९७१ मध्ये उत्पादन सुरू झालं. आपल्याला वाटतं खाली तेलाचं तळं असतं. तसं काही नसतं. तेल असतं दगडाच्या छिद्रांत. इथला दगड म्हणजे चॉक, सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांपासून बनलेला चुनखडक. छिद्रं भरपूर, पण इतकी बारीक की त्यातून तेल वाहता वाहत नाही. सुरुवातीचा अंदाज होता की फार तर १७ टक्के तेल हाती लागेल. बाकीचं तिथेच!

मग पाणी सोडून तेल ढकलायचं का? अडचण अशी की दगडाला भेगा आहेत. एक्स्प्रेस हायवेवरून गाडी जावी तसं पाणी भेगांतून सुसाट निघून जातं, आजूबाजूची गावं तशीच राहतात. दगडाला पाणी आवडत असेल तर तो वातीसारखं पाणी शोषतो आणि तेल बाहेर टाकतो. पण कच्च्या तेलातले आम्लधर्मी रेणू भिंतींना चिकटले, की दगड तेलाचा होतो आणि पाण्याला दार बंद. ही जी आवडनिवड आहे तिलाच म्हणतात वेटॅबिलिटी.

इथे साबण येतो. २००० साली डाग स्टँडनेस आणि टोर ऑस्टाड यांनी तेलाळलेल्या चॉकच्या तुकड्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे आपला नेहमीचा साबण ज्या जातीचा, त्या ऋणभारित सर्फॅक्टंटने फारसं जमलं नाही. धनभारित सर्फॅक्टंटने मात्र ७० टक्क्यांच्या आसपास तेल बाहेर आलं. कारण सोपं आहे: भिंतीला चिकटलेले रेणू ऋणभारित. धनभारित सर्फॅक्टंट त्यांच्याशी जोडी जमवतो आणि त्यांना घेऊन निघून जातो. दगड पुन्हा पाण्याचा!

पण हे रसायन महाग, आणि तेलक्षेत्र केवढं! आता खरी गंमत. एकोफिस्कमध्ये १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी सोडत होतेच, आणि ते अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं काम करत होतं. ऑस्टाड यांच्या गटाने पुढे दाखवलं की समुद्राच्या पाण्यातले सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे आयन, दगड पुरेसा गरम असेल तर, साबणाचंच काम करतात. एकोफिस्कचा दगड आहे सुमारे १३० अंशांवर. म्हणजे साबण फुकटात, चारी बाजूंना पसरलेला! आज तिथला अंदाज ५० टक्क्यांच्या वर आहे. अर्थात त्यात नव्या विहिरींचाही वाटा आहे.

सगळं छान वाटतंय ना? थांबा. तेल उपसल्याने चॉक दबत होता आणि समुद्रतळ खचत होता, हे १९८४ मध्येच लक्षात आलं होतं. १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म चक्क ६ मीटर वर उचलावे लागले. पाणी सोडून दाब सावरला, तरी खचणं लगेच थांबलं नाही. कारण जे पाणी तेल सोडवतं, तेच चॉकला कमकुवत करतं. शेवटी नवे प्लॅटफॉर्म बांधले, ते १९९८ मध्ये सुरू झाले.

आमच्या धंद्यात याला साइड इफेक्ट म्हणतात. एक बग सोडवला की दुसरीकडे काहीतरी हलतं. १९७४ साली सापडलेल्या आपल्या मुंबई हायचा मुख्य दगडही चुनखडकच. पण म्हणून एकोफिस्कची रेसिपी तिथे कॉपी-पेस्ट करता येणार नाही. प्रत्येक दगडाची आवड वेगळी, ती आधी विचारावी लागते.

असो. बरणी मात्र लख्ख निघाली.