खिडकीच्या कोपऱ्यातला चाळिशीचा मेनू

तुम्ही हा भाग मोबाईलवर ऐकत असाल, पण विंडोजचा कॉम्प्युटर हाताशी आला की एक करून बघा. कुठलीही विंडो उघडा, ऑल्ट धरा आणि स्पेसबार दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटा मेनू उघडेल: रिस्टोअर, मूव्ह, साइझ, क्लोज वगैरे. हा सिस्टिम मेनू. वय चाळीस, बरं का!

नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून तो आहे. त्या काळी अनेकांकडे माऊसच नव्हता. मग विंडो हलवायची, बंद करायची कशी? कीबोर्डवरून! पुढे विंडोज ३ मध्ये कोपऱ्यात जी आडवी पट्टी दिसायची, ती म्हणजे चक्क स्पेसबारचं चित्र. उजवीकडची फुली आली ती विंडोज ९५ बरोबर.

आता गंमत ऐका. मेनू विंडोजचा, पण प्रोग्रामरलाही त्यात जागा मिळते. 'गेटसिस्टिममेनू' फंक्शन वापरलं की आपल्या विंडोपुरती त्या मेनूची प्रत हाती येते. 'अपेंडमेनू'ने तिला आपली ओळ जोडायची. त्या ओळीचा क्रमांक १६ च्या पटीत हवा, कारण शेवटचे चार बिट विंडोज स्वतःसाठी वापरतं. ओळ निवडली की प्रोग्रामला 'डब्ल्यूएम सिसकमांड' हा निरोप येतो. आपला असेल तर काम करा, नसेल तर विंडोजकडे पुढे पाठवा. पाठवायला विसरलात, की मूव्ह नाही, क्लोज नाही. ती फुलीसुद्धा चालत नाही!

चार्ल्स पेटझोल्ड यांच्या 'प्रोग्रामिंग विंडोज' या पुस्तकात याचा एक छोटा नमुना आहे. नाव 'पुअरमेनू', म्हणजे गरिबाचा मेनू! स्वतंत्र मेनूबार न बांधता काम भागवायचं. सर्व्हरवर काम करणाऱ्यांचं 'पुटी' आजही हेच करतं. 'न्यू सेशन', 'चेंज सेटिंग्ज' त्याच कोपऱ्यात सापडतात.

मग आज याची आठवण का? कारण आता बरीच ॲप्स वरची पट्टी स्वतःच रंगवतात, आणि त्या नादात हा मेनू कधीकधी गायब होतो. दुसरा मॉनिटर काढल्यावर विंडो स्क्रीनबाहेर अडकली, तर ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाणाची की, आणि विंडो परत! ज्यांना माऊस धरताच येत नाही, त्यांना तर हा मेनू रोज लागतो.

तेव्हा उद्या तुम्ही ॲप लिहाल, तेव्हा आपली ओळ खुशाल जोडा. पण आधीच्या ओळी जपा. भेटू पुढच्या भागात!