माप कुणाच्या हाती?

शाळेत मास्तरांनी आदिमानवाची गोष्ट एका तासात उरकली होती. माणूस आधी रानोमाळ भटकत होता, मग त्याला शेतीचा शोध लागला, मग गाव, मग नगर, आणि मग संस्कृती. आम्ही लिहून घेतलं. पुढचा धडा वेदकाळाचा होता.

त्याच सुगीत मी आजीबरोबर खळ्यावर गेलो. ही १९७० च्या आसपासची गोष्ट. महारवतन १९५८ च्या कायद्यानं गेलं होतं, पण खळ्यावर जाणं गेलं नव्हतं. आजी दिवसभर राबली. रास झाली तेव्हा मालकाचा माणूस मापटं घेऊन बसला. मागचं उसनं वसूल करताना त्यानं मापट्यावर शीग चढवली. आजीच्या पदरात घालताना तेच मापटं, पण वरून हात फिरवून सपाट. घरी येताना मी विचारलं, दाणे आपण झोडले, मग माप त्यांच्या हातात का? ती म्हणाली, "पोरा, राबणाऱ्याच्या हातात कधी माप आसतंय व्हय?"

मास्तरांच्या गोष्टीत हे मापटं नव्हतं. पुढं मी जी पुस्तकं वाचली ती त्याच्याच शोधात वाचली.

दोस्तांनो, भटक्या जीवनातून स्थिर जीवनाकडं माणूस कसा आला, हा प्रश्न आपल्यासाठी नुसता परीक्षेचा नाही. १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण हे शोधताना इथूनच सुरुवात केली. गुरं हीच संपत्ती होती तोवर टोळ्या भटकत होत्या. जमीन संपत्ती झाली तशा काही टोळ्या स्थिरावल्या, पण सगळ्या एकदम नाही. भटक्या टोळ्या स्थिर टोळ्यांवर धाडी घालत. लढायांत मोडलेल्या टोळ्यांतली पांगलेली माणसं आसऱ्याला आली आणि राखणदारीच्या बदल्यात गावाच्या शिवेवर राहिली. बाबासाहेब त्यांना 'वाताहत झालेली माणसं' म्हणतात. पुराव्याच्या साखळीत जिथं कडी नाही तिथं तर्क चालवावा लागतो, हेही त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितलं. त्यांच्यानंतर जमिनीतून पुष्कळ पुरावा वर आला आहे. तो आपण वाचायला हवा.

माणूस नावाची जात एकच, आणि ती सुमारे ३ लाख वर्षांची. त्यातली शेवटची दहा-अकरा हजार वर्षं सोडली तर कुणीच शेती करत नव्हतं. सिरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची जागा होती. धरण होणार म्हणून १९७२-७३ मध्ये तिथं घाईनं उत्खनन झालं. आज ती पाण्याखाली आहे. सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी तिथं माणसं एका जागी राहू लागली तेव्हा ती शेती करत नव्हती. रानातलं धान्य वेचायची, हरणं मारायची. म्हणजे आधी शेती आणि मग गाव, हे मास्तरांचं सूत्र तिथं उलटं पडतं.

मागून तिथं शेती आली. त्या काळातल्या बायांची हाडं तपासली तेव्हा पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली निघाली. बोटं मागं दुमडून, गुडघ्यावर बसून, पाट्यासारख्या दगडावर तासन्‌तास धान्य रगडल्याची ती खूण. फिरतं जातं यायला अजून हजारो वर्षं होती. शेतीचा शोध 'माणसाला' लागला असं पुस्तकात छापतात, पण त्याची किंमत कुणाच्या कंबरेनं चुकवली ते या हाडांत लिहिलेलं आहे.

तरी स्थिर झाले म्हणून लगेच मालक आणि मजूर झाले, असं नाही. तुर्कस्तानात चातालह्युक इथं इ.स.पू. ७१०० पासून हजारेक वर्षं मोठी वस्ती नांदली. घराला घर खेटलेलं, गल्ली नाही, छतावरून शिडीनं आत उतरायचं. मेलेल्यांना घरातल्याच जमिनीखाली पुरायचं. घरं साधारण सारखीच. राजवाडा सापडला नाही, सगळ्या गावाचं एक कोठार सापडलं नाही. धान्याच्या कणग्या ज्याच्या त्याच्या घरात. बाया आणि पुरुष जवळपास सारखंच खात होते, असं हाडं सांगतात. हा काही स्वर्ग नव्हता, रोगराई होती, मारामाऱ्या होत्या. पण शेती करून, एका जागी राहून, हजार वर्षं राजाशिवाय निभवता येतं, याचा हा पुरावा आहे.

मग मोडलं कुठं? दक्षिण इराकात या. तिथं पाऊस नाही म्हणावा इतका कमी. नदीचं पाणी पाटानं आणलं तर पीक अमाप. पण पाट खणायला, गाळ उपसायला माणसं एकत्र लागतात, आणि पाणी कुणाला किती हे ठरवणारा कुणीतरी लागतो. दगड, चांगलं लाकूड, तांबं तिथं नाही. ते बाहेरून आणायचं तर शिल्लक धान्य आणि लोकरीचं कापड हवं. ही शिल्लक देवळाच्या कोठाराभोवती गोळा होत गेली. त्यातून उरुक उभं राहिलं. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास ते अडीचशे हेक्टरांवर पसरलं होतं. जगातलं पहिलं मोठं शहर म्हणून त्याचं नाव घेतात.

त्या शहरात सगळ्यात जास्त काय सापडतं? मातीचे ओबडधोबड वाडगे. साच्यातून काढलेले, एकासारखे एक, हजारोंनी. मजुराला रोजचं जव मापून द्यायचं हे भांडं, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जण म्हणतात तो पावाचा साचा होता. पण तिथल्या पहिल्या लिपीत 'खाणं' लिहायचं तर माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी असाच वाडगा काढत. ते चित्र पाहिलं आणि मला आजीचं मापटं आठवलं.

लिपीही तिथंच जन्मली, इ.स.पू. ३३०० च्या आसपास. त्या पहिल्या टप्प्याच्या पाच हजारांच्या आसपास मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. त्यांत ना कविता, ना प्रार्थना. बहुतेक सगळा हिशेब. किती जव आलं, किती वाटलं, किती मेंढ्या, किती माणसं. गुलाम बाईसाठी जी खूण होती ती 'बाई' आणि 'डोंगर' अशा दोन चित्रांची आहे. डोंगरपट्ट्यातून धरून आणलेली, असा त्याचा अर्थ लावतात. आणखी एक पाटी आहे, पदांची आणि धंद्यांची यादी. सगळ्यात वरच्या पदापासून ती सुरू होते, आणि लिहायला शिकणारी पोरं ती शेकडो वर्षं गिरवत राहिली. ती आपल्याकडची जात नव्हती, घाईनं तसं म्हणू नका. पण माणसांची उतरंड लावून ती पोरांकडून पाठ करून घेण्याचा धंदा किती जुना आहे ते बघा.

आता आपल्या मातीत येऊ. १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. त्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली माणसं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ तिथं शेतकऱ्यांचं गाव होतं. जव पिकवायचे, गुरं-मेंढरं पाळायचे, नदीचं पाणी पाटानं आणायचे. शंभरावर घरं उघडी झाली. गावाच्या मध्यात पाच खोल्यांचं एक घर, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला एक पुरुष. हे गावप्रमुखाचं घर असं उत्खनन करणारे म्हणतात. कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांची घरं मात्र पश्चिमेच्या कडेला. ही अस्पृश्यता नव्हे, तसा पुरावा तिथं नाही. पण कोठार कुणाच्या भिंतीला लागून आहे आणि कारागीर कुठं आहे, हे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ठरायला लागलं होतं.

इ.स.पू. १००० नंतर पाऊसपाणी कमी होत गेलं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, माणसं पुन्हा अर्धी भटकी झाली आणि शेवटी गाव ओस पडलं. म्हणजे भटकेपण ही 'मागासलेल्यांची' खालची पायरी नाही. पोट भरेना तेव्हा शेतकऱ्यानंही बिऱ्हाड पाठीवर घेतलं. आज जे स्वतःला मूळचे गावकरी म्हणवून भटक्यांचं पाल उठवतात, त्यांनी हे वाचावं.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट गाठीला बांधली. अबू हुरेराच्या पहिल्या वस्तीपासून उरुकच्या पहिल्या हिशेबापर्यंत साडेसात हजार वर्षं गेली. एवढा काळ माणूस एका ठिकाणी राहत होता, पुढं पिकवत होता, आणि पाटीवर त्याची मोजदाद नव्हती. उतरंड निसर्गानं दिलेली असती तर तिला यायला इतका उशीर लागला नसता. ती माणसांनी केली, आणि तिला सालं आहेत. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमाराचा मांडला तो याचसाठी. जिला सुरुवात आहे ती अनादि नाही. जी अनादि नाही ती मोडता येते.

म्हणून कामाचं सांगतो. आपापल्या गावात पेवं कुठं होती, माप कोण घालायचा, सुगीत कुणाला किती मिळायचं, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि सालासकट लिहून ठेवा. पहिली लिपी कोठारवाल्यानं आपल्यावर चालवली. आता ती आपल्याला येते. माझी आजी अंगठा उठवायची. तिच्या मापट्याचा हिशेब मी आज इथं लिहिला, तुमचा तुम्ही लिहा.