धर्मानंद कोसंबी यांचे पहिले परदेशदर्शन

बुलढाणा जिल्ह्यापासून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. जिल्ह्याशेजारचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू बुद्धाची भूमी पाहण्यासाठी वाळवंटे व पर्वत ओलांडून भारतात आला, आणि महाराष्ट्रातही फिरला. पुढे काळ पालटला. लेणी राहिली, पण त्यांतील धर्म शिकविणारा येथे कोणी उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या मराठी तरुणास तो शिकावयाचा झाल्यास ह्युएनत्संगाच्या उलट दिशेने, स्वदेशाबाहेर जावे लागे.

असा एक तरुण गोव्यातून निघाला. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ या गावी झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच होते. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या धर्माचे मूळ शोधण्याचा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती; या ध्यासाची किंमत त्या दोघींनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. पुण्याहून ते पुढे काशीस गेले, आणि तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला.

त्यांच्या मनात नेपाळ भरले होते. लुंबिनी येथील अशोकस्तंभ १८९६ साली उजेडात आला होता. ज्या देशात बुद्ध जन्मला, तेथे त्याचा धर्म जिवंत असलाच पाहिजे, हा तर्क स्वाभाविक होता. १९०२ च्या आरंभी डोंगरघाट चढून ते काठमांडूस पोहोचले. पण तेथील बौद्धधर्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली.

या निराशेस ऐतिहासिक कारण होते. नेवार समाजातील भिक्षू कित्येक शतकांपूर्वीच गृहस्थ झाले होते. विहारांत त्यांचे संसार चालत, आणि धर्म मुख्यतः तांत्रिक विधींच्या रूपाने नांदत होता. ज्या पाली त्रिपिटकाच्या अध्ययनाची कोसंबींस ओढ होती, त्याची परंपरा तेथे नव्हती. तथापि याच नेवारांनी भारतात लुप्त झालेले अनेक संस्कृत बौद्ध ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने जतन केले होते. तेव्हा दोष त्या देशाचा नव्हता. चरित्र वाचून मनात रचलेला देश आणि माणसे राहतात तो देश, यांत जे अंतर असते, तेच येथे प्रत्ययास आले.

दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. कोसंबी बुद्धगयेस व तेथून कलकत्त्यास गेले, आणि त्याच वर्षी सिंहलद्वीपी उतरले. कोलंबो येथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापिलेले विद्योदय विद्यालय होते. तेथे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन केले. पाली ग्रंथ सिंहली लिपीत असल्याने तीही शिकणे भाग होते. नेपाळात जे डोळ्यांना दिसले नाही, ते लंकेत गुरूच्या पायाशी बसून अभ्यासाने हाती आले.

पुढे ब्रह्मदेश पाहून, सुमारे सात वर्षांच्या वियोगानंतर, १९०६ साली ते कुटुंबास भेटले. १९१० मध्ये ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. ती आवृत्ती मात्र १९५० साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाली. ४ जून १९४७ रोजी विदर्भातच, सेवाग्राम येथे, त्यांनी देह ठेवला.

नेपाळच्या त्या पहिल्या दर्शनालाच त्यांनी अखेरचा निर्णय मानले असते, तर ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ मराठीत झाला नसता. आज अजिंठ्याची लेणी पाहून परतणाऱ्या मराठी वाचकास त्या भिंतींवरील कथांचा अर्थ स्वभाषेत कळू शकतो. त्यासाठी त्याला कोणताही घाट ओलांडावा लागत नाही.