छातीवर कोण बसतं?

सेलमच्या चेटूक-खटल्यांतली एक साक्ष आजही वाचवत नाही. 1692 साली मॅसेच्युसेट्समधल्या त्या वसाहतीत जॉन लाउडर नावाच्या माणसाने शपथेवर सांगितलं, की रात्री जाग आली तेव्हा चेटकीण ठरवली गेलेली त्याची शेजारीण ब्रिजेट बिशप त्याच्या पोटावर बसली होती, तिने त्याचा गळा धरला आणि त्याच्या हातांत तिला ढकलण्याचं त्राणच उरलं नव्हतं. रिचर्ड कोमनची साक्षही अशीच. आरोप आणखीही होते. 10 जूनला ब्रिजेटला फाशी दिलं. त्या खटल्यांत फासावर गेलेली ती पहिली.

लाउडर खोटं बोलला असं मला वाटत नाही. डोळे उघडे, अंग लुळं, छातीवर भार आणि खोलीत कुणीतरी असल्याची पक्की खात्री. स्लीप पॅरालिसिस, म्हणजे जाग आली तरी अंग हलेना अशी अवस्था, अनुभवलेला कुणीही हेच सांगेल.

चीड येते ती याची, की वैद्यांनी हा रोग केव्हाच ओळखला होता. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने त्यावर रक्त काढणं आणि पथ्य सांगितलं. दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या अल-अखवैनीने पोटातून मेंदूकडे चढणाऱ्या बाष्पांना दोष दिला. सेलमच्या अवघी 28 वर्षं आधी, 1664 मध्ये, डच वैद्य डीमरब्रूकने पन्नाशीच्या एका बाईची हकीकत लिहिली. तिला कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, तर कधी चोर छातीवर बसल्यासारखं वाटे. या सगळ्यांची कारणमीमांसा चुकलेलीच, पण रोग त्यांनी रोग्याच्या देहात शोधला, शेजारणीच्या घरात नव्हे.

1753 मध्ये जॉन बॉन्ड नावाच्या वैद्याने यावर पुस्तकच लिहिलं. त्याला स्वतःला हा त्रास होता. उताणं झोपल्याने रक्त तुंबतं, हा त्याचा तर्क चुकला. उताणं झोपू नका हा सल्ला मात्र आजही खरा ठरतो.

खरं कारण कळायला विसावं शतक उजाडलं. 1953 मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे भराभर हलणारी, स्वप्नांची झोप ओळखली. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर दाखवलं, की त्या झोपेत स्नायू पार सैल पडतात. स्वप्नातली धावपळ खरोखर घडू नये म्हणून शरीराला घातलेला हा लगाम. कधी जाग आधी येते आणि लगाम मागाहून सुटतो. श्वासपटल मात्र चालू असतं, म्हणून गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास थांबत नाही.

म्हणून कुशीवर झोपा, जागरणं टाळा, झोपेच्या वेळा सांभाळा. झटका आलाच तर झुंजू नका. श्वास सावकाश घ्या, पायाचा अंगठा हलवून पाहा. वारंवार होत असेल किंवा दिवसाही झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

भुताखेतांना दूर ठेवायला उशाखाली अडकित्ता ठेवून धीर येत असेल तर खुशाल ठेवा. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातली लेक किंवा सून रात्री घाबरून उठली, तर तिला कुणा मांत्रिकाकडे नेण्याआधी हे सगळं नीट समजावून सांगा.